एका माशीची साक्ष



न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सोळा फूट रुंद आणि तेवीस फूट लांब अशी एक खोली होती. दुधाच्या रिकाम्या बाटल्या, त्यांत पिकलेली केळी आणि केळ्यांवर पोसलेल्या हजारो फळमाश्या, एवढेच तिचे वैभव. लाल डोळ्यांच्या त्या माश्यांत थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० साली पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. त्याच सुमारास बाटल्या धुण्याच्या कामावर एक विद्यार्थी आला. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपलेला, आजीने वाढवलेला. त्याचे नाव कॅल्व्हिन ब्रिजेस. बाटलीच्या जाड काचेआडूनही त्याने शेंदरी डोळ्यांची एक वेगळी माशी हेरली. मॉर्गन यांनी ती नजर पारखली आणि त्याला संशोधनात सामावून घेतले.

आनुवंशिक गुण पेशीतील गुणसूत्रांवरून पुढच्या पिढीत जातात, हा विचार तेव्हा मांडला गेला होता. पण निर्णायक पुरावा नव्हता. खुद्द मॉर्गन प्रारंभी साशंक होते.

फळमाशीच्या मादीत दोन एक्स गुणसूत्रे असतात; नरात एक एक्स आणि एक वाय. पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर यांच्या संततीत कन्यांना पित्याचा एक्स मिळतो, म्हणून त्या लाल डोळ्यांच्या. पुत्रांना केवळ मातेचा, म्हणून ते पांढऱ्या डोळ्यांचे. नियम असा स्वच्छ होता. तरीही सुमारे दोन हजारांत एखादी कन्या मातेसारखी पांढऱ्या डोळ्यांची निघे. अन्य कोणी तिला किरकोळ चूक समजून बाजूस सारले असते. ब्रिजेस यांनी तिलाच साक्षीस बोलावले.

त्यांचा तर्क असा : स्त्रीबीज तयार होताना मातेची दोन एक्स गुणसूत्रे विलग झालीच नसावीत. मग या कन्येत मातेचे दोन एक्स आणि पित्याचा वाय असला पाहिजे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तो नेमके तेच आढळले! नियम मोडणारी माशी नियमाचाच पुरावा ठरली. डॉक्टरेटसाठीचा हा प्रबंध १९१६ साली ‘जेनेटिक्स’ या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात अग्रस्थानी छापला गेला. मॉर्गन यांना १९३३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या रकमेतील वाटा त्यांनी ब्रिजेस आणि स्टर्टेव्हंट या शिष्यांच्या मुलांसाठी दिला. गुरूने शिष्यांचे ऋण मानावे, ते असे.

या माशीचा आपल्या घराशी काय संबंध? संबंध आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकांच्या पेशींत एकविसावे गुणसूत्र एक जादा असते, हे फ्रान्समधील संशोधकांनी १९५९ साली दाखवले. बहुतेक वेळा त्याचे कारण तेच : गुणसूत्रांची जोडी विलग न होणे. असे मूल जन्मले की कोणी पूर्वजन्मीचे पाप काढते, कोणी ग्रहणाचा दोष, तर कोणी सुनेलाच बोल लावते. वस्तुतः तो निसर्गातील योगायोग आहे. कोणाचा अपराध नव्हे.

ब्रिजेस यांनी वेगळ्या निघालेल्या माशीला टाकून दिले नाही. वेगळ्या जन्मलेल्या लेकराला आणि त्याच्या मातेला अंतर न देणे, एवढे तरी आपल्या हातून घडले पाहिजे. ज्या समाजात त्या मातेला मान खाली घालावी लागत नाही, तोच समाज संघटित म्हणवून घेण्यास पात्र ठरतो.