तोंडी लावायला डांगर आणि पेरू
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



दसरा झाला की खरिपातील डांगराचे वेल वाळू लागतात आणि पानांआड लपलेली फळे एकेक करून दिसू लागतात. दिवाळीच्या पुढेमागे मृग बहाराच्या पेरूचा तोडा सुरू होतो. चांगला माल बाजारात जातो. घरी राहते ते बैलगाडीतून पडून तडकलेले डांगर आणि लहान किंवा डागाळलेले पेरू. भाव पडलेला असला तर चांगला मालही घरीच राहतो. डांगर मग गुरांपुढे जाते, पेरू झाडाखाली कुजतात आणि घरात मात्र रोज डाळ-भाकरी. लेकरांना भाज्या-फळे खाऊ घाला, असे आम्ही सांगत असतो. ती आपल्याच बांधावर पडलेली असतात, म्हणून आज या दोहोंच्या एका तोंडीलावण्याविषयी बोलणार आहे.

डांगर म्हणजे लाल भोपळा. विदर्भातल्या मंडळींनी याला कोहळे समजावे. घारगे आणि भरीत यांपलीकडे आपण त्याचा फारसा विचार करत नाही. खरी अडचण त्याच्या आकाराची आहे. चार-पाच किलोचे फळ कापले की दुसऱ्या दिवशी घरात कोणी त्याला विचारत नाही. पहिली सुरी पुरुषाने लावावी अशी अनेक घरांत पद्धत आहे. त्या निमित्ताने का होईना, घरधनी स्वयंपाकघरात येतो हे काही वाईट नाही.

फळ पक्के असावे. देठ वाळलेला, जमिनीला टेकलेला भाग पिवळा झालेला आणि साल इतकी कडक की नख रुतत नाही, या तीन खुणा पाहाव्यात. तोडताना दोन-तीन इंच देठ राखावा. आठ-दहा दिवस हवेशीर सावलीत ठेवून मग फळ्यांवर किंवा पेंढ्यावर एकेरी थरात मांडले, तर न तडकलेले फळ दोन-तीन महिने सहज टिकते. तडकलेले मात्र आधी संपवावे. सडण्याची सुरुवात बियांच्या पोकळीतून होते. म्हणून कापल्याबरोबर बिया व धागे काढावेत आणि उरलेली फोड थंड जागी झाकून दोन दिवसांत वापरावी.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. फोडणीत टाकण्यापूर्वी कच्ची फोड जिभेला लावून पाहावी. कडू लागली तर थुंकावी आणि सगळे फळ फेकून द्यावे. काकडी, दुधी, डांगर या कुळातील फळांत कधी कधी कडू विष तयार होते. शिजवल्याने ते जात नाही, गुळाने फक्त झाकले जाते. पोटात गेले तर उलट्या-जुलाब होतात. ‘एवढे मोठे फळ वाया कशाला घालवायचे?’ म्हणून ते रांधू नये. त्याचे बीही धरू नये.

पेरू अर्धवट पिकलेला, हिरवट-पिवळा घ्यावा. फार पिकलेला विरघळतो आणि कच्चा तुरट लागतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सरदार, म्हणजेच लखनौ-४९, आहे. तो यासाठी उत्तम. डाग चालतील, पण पाखरांनी टोचलेले फळ नको. चिरून आत फळमाशीची अळी नाही हे पाहावे. किडके फळ झाडाखाली न टाकता दोन फूट खोल खड्ड्यात पुरावे, नाहीतर तीच माशी पुन्हा बागेत येते.

आता कृती. सहा माणसांसाठी साल काढलेले डांगर अर्धा किलो आणि मध्यम आकाराचे तीन पेरू घ्यावेत. डांगराच्या इंचभर फोडी कराव्यात. पेरूतील बियांचा गाभा काढून बाकीच्याच्या तेवढ्याच फोडी कराव्यात. हा गाभा टाकू नये. तो चाळणीवर चोळून त्याचा गर मागाहून भाजीतच घालावा, रस छान दाटतो.

दोन पळ्या शेंगदाण्याचे तेल तापवून मोहरी, पाव चमचा मेथीदाणे, हिंग व हळद यांची फोडणी करावी. मेथी करपू देऊ नये. त्यात डांगर परतून वर पाण्याचे झाकण ठेवावे आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटे शिजू द्यावे. फोड दाबली जाऊ लागली की मीठ, तिखट, बोराएवढ्या चिंचेचा कोळ आणि लिंबाएवढा गूळ घालावा. चिंच आधी घातली तर फोडी लवकर शिजत नाहीत. शेवटी पेरू आणि गर घालून चार-पाच मिनिटेच ठेवावे. उतरवताना दोन चमचे दाण्याचे कूट व भाजलेले तीळ घालावेत. चिंच असल्याने भांडे स्टीलचे किंवा कल्हईचे घ्यावे. लोखंडी कढईत भाजी काळी पडते.

पेरू शेवटी का, असे एका ताईंनी मघाशी विचारले. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते आणि आचेवर ते झपाट्याने कमी होते. जे उरते, त्याने भाकरी-डाळीतील लोह अंगी लागायला मदत होते. तेलाचे उलट आहे. डांगराच्या केशरी रंगात अ जीवनसत्त्वाचा जो अंश असतो, तो तेलाशिवाय नीट शोषला जात नाही. म्हणून फोडणीत फार काटकसर करू नये. गर जितका गडद केशरी, तितके चांगले. बी निवडताना हे लक्षात ठेवावे. बंगळूरच्या संशोधन संस्थेची ‘अर्का चंदन’ ही जात या दृष्टीने चांगली आहे आणि तिचे फळ दोन-तीन किलोचेच, म्हणजे कापल्यावर संपणारे.

पेरूऐवजी सीताफळ चालेल का, असेही कोणी विचारील. तेही याच दिवसांतले. पण चालणार नाही. सीताफळाचा गर तापला की कडवट होतो. ते तसेच खावे. पेरू नसेल तर दोन आवळे किसून घालावेत आणि चिंच गाळावी.

बियांचे काय? धुऊन, उन्हात वाळवून, मीठ लावून तव्यावर भाजाव्यात. मुले शाळेत जाताना खिशात भरून नेतात.