‘जणू’ आणि ‘वेअर’

इंग्रजीतील ‘ॲज इफ’ या शब्दांनंतर क्रियापदाचे रूप कोणते असावे, हा प्रश्न बंगळूरच्या वर्गांतून शिकवणाऱ्या शिक्षकाला नवा नाही. ‘ही टॉक्स ॲज इफ ही इज द ओनर’ असे विद्यार्थी लिहितो. शिक्षक ‘इज’ खोडून ‘वेअर’ करतो आणि नियम सांगून मोकळा होतो. विद्यार्थ्याची शंका मात्र तशीच राहते. कर्ता एकवचनी, काळ वर्तमान. मग हा अनेकवचनी भूतकाळ आला कोठून?

वास्तविक तो भूतकाळ नव्हे आणि अनेकवचनही नव्हे. प्राचीन इंग्रजीत कल्पित गोष्टीसाठी क्रियापदाची वेगळी रूपे होती. हा ‘वेअर’ त्यांचाच अवशेष होय. म्हणूनच ‘टॉक्स’च्या जागी ‘टॉक्ड’ आले, तरी तो बदलत नाही. कल्पिलेली गोष्ट आधीच घडून गेलेली असेल, तर ‘हॅड’ येतो : ‘ॲज इफ ही हॅड सीन अ घोस्ट’, म्हणजे जणू त्याने भूत पाहिले असावे.

श्रोत्यांपैकी ज्यांचे शिक्षण मराठीतून झाले, त्यांना ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’ ही उत्प्रेक्षेची चिन्हे आठवत असतील. ‘घर त्याच्या मालकीचे असावे’ हा नुसता तर्क. तो खराही ठरेल. त्यामागे ‘जणू’ घातला, की तेच ‘असावे’ कल्पनेच्या प्रांतात जाते. इंग्रजी ‘वेअर’चा जवळचा नातलग हाच. ‘असता’ हा अधिक जवळचा वाटतो खरा, पण ‘जणू तो मालक असता’ असे मराठीत कोणी म्हणत नाही. कानडीत तर ‘यजमाननंते’ म्हटले, नामाला ‘अंते’ जोडला, की काम भागते. क्रियापदाची गरजच पडत नाही.

पण ‘ॲज इफ’ दिसला की ‘वेअर’ लिहावा, हा नियम अपुरा आहे. आभाळ भरून आले असता ‘इट लुक्स ॲज इफ इट इज गोइंग टु रेन’ हेच योग्य. पाऊस येणारच असतो. ‘शी टॉक्स ॲज इफ शी न्यू द आन्सर’ यात तिला उत्तर ठाऊक नाही, असा आरोप आहे. ‘नोज’ म्हटल्यास तो राहत नाही. एखादा मुलगा मित्राविषयी ‘ही लुक्स ॲज इफ ही इज इल’ असे लिहितो. तेथे शिक्षकाने लाल शाईने ‘वेअर’ केला, तर मित्राच्या आजारावरच संशयाची छाया पडते. गुण गेले ते वेगळेच!

याच शहरातील प्रादेशिक इंग्रजी संस्थेच्या साहाय्याने एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत एक प्रयोग केला. तो ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून ओळखला जातो. तेथे व्याकरणाच्या रचना आधी ठरवून शिकवल्या जात नसत. मुले नकाशे, वेळापत्रके यांवरील कोडी सोडवीत. लक्ष अर्थाकडे असताना व्याकरण आपोआप रुजते, अशी प्रभूंची भूमिका होती. ती सर्वांना मान्य झाली नाही, आणि प्रत्येक रचना अशीच रुजेल असेही नाही. तथापि ‘इज’ की ‘वेअर’ या प्रश्नापुरती तिची दिशा अचूक आहे. लाल शाई उचलण्यापूर्वी शिक्षकाने त्या मुलाला विचारावे : मित्र खरोखरच आजारी आहे काय?