शोध कुणाचा, कमाई कुणाची?
(स्वागताध्यक्षीय भाषण)



संयोजन समितीच्या वतीनं पिंपरी-चिंचवडमध्ये आपलं मनःपूर्वक स्वागत. युरोपातील नवोन्मेष आणि आर्थिक विकास हा आपला विषय. शेजारच्या चाकणमध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने आहेत, त्यामुळे तो आम्हा सुटे भाग बनवणाऱ्यांच्या रोजच्या व्यवहारातलाही आहे.

युरोपात बुद्धीची वानवा कधीच नव्हती. एमपीथ्रीच्या तंत्राला आकार आला तो जर्मनीत, एर्लांगनच्या फ्राउनहोफर संस्थेत. परवान्यांचे पैसे संस्थेला मिळाले. पण खिशातल्या संगीताची बाजारपेठ काबीज केली २००१ साली आलेल्या अमेरिकेच्या आयपॉडनं. संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्के खर्च करण्याचं उद्दिष्ट युरोपीय संघानं २००२ साली बार्सिलोनात ठरवलं. ते अजून गाठलेलं नाही. शोध बाजारापर्यंत पोचत नाहीत, हे इटलीचे माजी पंतप्रधान मारियो द्रागी यांनी युरोपच्या स्पर्धाक्षमतेवरील २०२४च्या अहवालात स्पष्ट सांगितलं.

पण याच युरोपात चिप बनवण्याची यंत्रं तयार करणारी नेदरलँड्सची एएसएमएल ही कंपनीही आहे. तिच्या यंत्रात वितळलेल्या कथिलाचे सेकंदाला ५०,००० थेंब सोडतात. प्रत्येक थेंबावर लेसरचा मारा होतो आणि त्यातून निघालेल्या अतिनील किरणांनी चिपवर नक्षी उमटते. लेसर जर्मनीच्या ट्रुम्फचा, आरसे झाइसचे. असं यंत्र आज जगात दुसरं कुणी विकत नाही.

हे घडलं कसं? २०१२ साली इंटेल, सॅमसंग आणि टीएसएमसी या गिऱ्हाइकांनीच एएसएमएलचे शेअर घेतले आणि संशोधनाला पैसा दिला. पुढे एएसएमएलनं आपल्या पुरवठादाराच्या, म्हणजे झाइसच्या चिप-विभागात सुमारे २५ टक्के भागीदारी घेतली. जोखीम साखळीभर वाटली गेली, म्हणून इतकी वर्षं दम धरता आला.

आम्हा लघुउद्योजकांना मात्र गिऱ्हाइकाकडून दरवर्षी ‘भाव उतरवा’ एवढंच ऐकू येतं. मग नवं काही करून पाहायला पैसा उरणार कुठून? अनुदान किती, पेटंट किती, हे आकडे मांडाच. पण प्रयोग फसला तर तोटा कुणी सोसायचा, यावरही दोन दिवस खल व्हावा, ही यजमान म्हणून माझी विनंती.

व्यवस्थेत काही उणं राहिलं तर हक्कानं सांगा. आपलं पुन्हा एकदा स्वागत करतो आणि अध्यक्षांना परिषदेची सूत्रं हाती घेण्याची विनंती करतो.