कंबर दुखतेय? मालिश करावी, मणका बसवून घ्यावा की दवाखाना गाठावा?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत, आरोग्याच्या तासाला एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी केलेलं भाषण. ज्या सख्यांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत वाचून दाखवावं.)



आधी एक काम करा. जिची कंबर गेल्या वर्षभरात एकदाही दुखली नाही, तिने हात वर करा. बघा, एकही हात वर नाही! यात नवल काहीच नाही. खुरपणीला दिवसभर उकिडवं बसायचं, भाताच्या लावणीला वाकून चिखलात उभं राहायचं, कापूस वेचताना ओटीचं वजन पोटावर घेऊन चालायचं, ऊसतोडीला मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढायचं. घरी आलं की हंडा, चूल आणि कडेवर लेकरू आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि ती पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळते. म्हणजे हे दुखणं तुमचं एकटीचं नाही, आणि तुम्ही नाजूक आहात असंही नाही.

आजचा प्रश्न तुमच्या ग्रामसंघातूनच आला आहे. कंबर धरली की मालिशवालीकडे जावं, की मणका बसवणाऱ्याकडे? दोघांकडे पैसे जातात, आणि कधी कधी ते गटातून कर्ज घेऊन जातात. म्हणून हिशोबाच्या वहीसारखं नीट बघू या.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपण सहज म्हणतो, "मणका सरकला." नेहमीच्या कामाने मणका जागेवरून निघतो आणि कुणी हिसका दिला की खटकन परत बसतो, असं होत नाही. मणक्यांना धरून ठेवणारे स्नायू आणि बंध चांगले बळकट असतात. एकदम वजन उचललं, अवघडून वाकलं, की स्नायू आखडतो. त्यालाच आपण उसण भरली म्हणतो. हिसका दिल्यावर जो 'कट्' आवाज येतो, तो हाड बसल्याचा नसतो. सांध्यातल्या पाण्यात हवेचा बुडबुडा तयार होतो, त्याचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाची लाथ घ्यायची पद्धत आहे. उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप उतरते, आणि श्रेय लाथेला जातं. पण लाथ जोरात बसली आणि बाईची हाडं ठिसूळ असली, तर मणका मोडू शकतो. तेवढी एक गोष्ट बंद करा, हे माझं हात जोडून सांगणं आहे.

आता मालिश. मालिशीने आखडलेला स्नायू सैल होतो, तिथलं रक्त वाहतं राहतं, जीवाला बरं वाटतं, झोप लागते. तेल कोणतंही चालतं. महागाच्या बाटलीत वेगळी जादू नसते, काम हाताचं असतं. हात मऊ आणि दाब सोसेल इतकाच हवा. "जितकं जास्त दुखेल तितका जास्त गुण," हे खरं नाही.

मालिश कुठे करू नये, तेही ऐका. नुकतंच पडलात आणि सूज आहे, हाड मोडल्याची शंका आहे, तिथे चोळू नका. एका पायाची पोटरी सुजली, लाल झाली, गरम लागते आहे, तर अजिबात चोळू नका. आत रक्ताची गाठ असू शकते आणि ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. सिझेरियन झालेल्या बाळंतिणीच्या पोटावर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिश नको.

दुसरा प्रकार मणक्याला हिसका देण्याचा. त्याला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. १८९५ साली अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर नावाच्या माणसाने तो सुरू केला. तिकडे त्याचं वेगळं कॉलेज असतं, परवाना लागतो. आपल्या देशात त्याची नोंदणी करणारी स्वतंत्र सरकारी परिषद नाही. त्यामुळे मोबाईलवर कडकड आवाजाचे व्हिडिओ बघून तालुक्याला कुणी बोर्ड लावला, तर तो शिकलेला आहे की नाही, हे तुम्हालाच विचारावं लागतं. फिजिओथेरपिस्टची मात्र नोंदणी होते. आपल्या राज्यात ती महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक मागितला तर कुणी रागावण्याचं कारण नाही.

मग दोघांत चांगलं काय? अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने २०१७ साली सल्ला दिला की, नव्या कंबरदुखीत शेक, मालिश किंवा शिकलेल्या हाताने मणक्याला दिलेली हालचाल, यातलं काहीही चालेल, कारण बहुतेकांचं दुखणं काळाबरोबर कमीच होतं. इंग्लंडच्या २०१६ च्या सूचना सांगतात की मालिश असो वा मणक्याचा उपचार, तो व्यायामाच्या जोडीनेच द्यावा, एकटा नाही. म्हणजे सख्यांनो, दोघांच्या गुणात फार मोठा फरक नाही. मग ज्यात धोका कमी, खर्च कमी, ते आधी करावं. घरचा शेक आणि घरच्या माणसाचा हलका हात, इथून सुरुवात करा.

हिसक्याचा धोका कुणाला जास्त? पाळी गेलेल्या बायकांना, कारण हाडं ठिसूळ झालेली असू शकतात. गरोदर बाईला. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तिला. पूर्वी कॅन्सर झालेला असेल तिला. आणि मानेला हिसका तर कुणीच सहज देऊन घेऊ नये. मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या जातात. क्वचितच होतं, पण हिसक्याबरोबर धमनीला इजा होऊन लकवा मारल्याचे प्रकार घडलेले आहेत. केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान मोडून देतात, तेही घरच्या पुरुषांना नको म्हणून सांगा.

आता दोन बायका डोळ्यांसमोर आणा. दोघींचीही कंबर महिनाभर दुखते आहे. पहिलीची कामानंतर दुखते, आडवं झालं की उतरते, सकाळी थोडी धरते आणि हिंडलं-फिरलं की मोकळी होते. दुसरीची रात्री झोपेतही ठणकते, संध्याकाळी कणकण येते, भूक गेली आहे, वजन उतरलं आहे. बाहेरून दोघी सारख्याच दिसतात, दोघीही कमरेवर हात ठेवूनच चालतात. पहिलीला शेक, मालिश, व्यायाम पुरेल. दुसरीला मणक्याचा क्षयरोग असू शकतो. आपल्याकडे तो आढळतो, वेळेवर कळला तर औषधाने बरा होतो, आणि त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. तिची मालिश करत राहिलो तर दिवस जातील. तिला हिसका दिला तर कीड लागलेला मणका दबून पाय लुळे पडू शकतात. म्हणून मालिश की मणका, हा प्रश्न नंतरचा. आधी आपलं दुखणं पहिलीचं आहे की दुसरीचं, ते बघायचं.

ही लक्षणं पाठ करा. यातलं एक जरी असलं तरी आधी डॉक्टर :
• लघवी किंवा संडासवर ताबा राहत नाही, लघवी अडकते, किंवा जांघेत, बसायच्या जागेवर बधिरपणा आला आहे. अशा वेळी सकाळची वाट बघू नका, त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.
• पायात ताकद राहिली नाही, चप्पल पायातून निसटते, पाऊल घसटतं.
• पडल्यावर, अपघातानंतर दुखणं सुरू झालं. म्हातारीच्या बाबतीत साधं घसरणंही यात धरा.
• ताप, वजन उतरणं, रात्री न थांबणारा ठणका.
• लघवीला आग आणि कुशीत कळा. ते मूत्रखड्याचं किंवा मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचं असू शकतं.

कुठे जायचं? आधी गावातल्या आशाताईला सांगा, मग उपकेंद्र किंवा आयुष्मान आरोग्य मंदिर. तिथून पुढे ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचारांची फी घेत नाहीत. तेव्हा "पैसे नाहीत" म्हणून दुसरीसारख्या बाईने घरी बसू नये.

साध्या दुखण्यात काय करायचं? अंथरुणाला धरून राहू नका. एक-दोन दिवस आराम पुरे, मग चालायला लागा. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, पाय जमिनीवर टेकवा, कंबर हळूच वर उचला, पाच आकडे मोजा, खाली घ्या. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पायात कळ उतरली तर थांबा आणि दाखवून घ्या. दुखणं तीन महिन्यांपेक्षा जुनं असेल तर व्यायामच मुख्य. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुन्या कंबरदुखीसाठी कमरेचे पट्टे वापरू नयेत असं सांगितलं आहे, म्हणून तो पैसा वाचवा. आणि दुकानातून रोज दुखीची गोळी आणून खाऊ नका. पोट आणि किडनी, दोन्हींना त्रास होतो.

कामाची पद्धतही थोडी बदला. ओझं उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यात बसा, ओझं अंगाशी धरा, मग उठा. हंडा एकाच बाजूला नको. खुरपताना अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटं मागे रेला. गटाने मिळून एक सायकल कोळपं घेतलं आणि आळीपाळीने वापरलं, तर उभ्याने कोळपणी होते. मला वाटतं, कितीतरी मालिशीच्या पैशांपेक्षा ते स्वस्त पडेल.

शेवटची गोष्ट अंतर्गत कर्जाची. गटातली एखादी सखी म्हणाली, "मणका बसवायला दहा बैठकांचं पॅकेज आहे, आगाऊ पैसे भरायचे आहेत," तर कर्जाच्या ठरावाआधी तिला चार प्रश्न विचारा. डॉक्टरला दाखवलंस का? उपचार करणारा काय शिकला आहे, त्याची नोंदणी आहे का? सगळे पैसे आधीच का मागतो? तीन-चार वेळा जाऊन फरक नाही पडला तर थांबता येईल का? तिला अडवायचं म्हणून विचारू नका, तिच्या बाजूने विचारा. परतफेड तिच्याच मजुरीतून होणार आहे, आणि मजुरी तिच्या कमरेवर आहे.

आता ज्यांना शंका आहे त्यांनी विचारा. ज्यांना सगळ्यांसमोर बोलायचं नाही, त्यांच्यासाठी मी चहानंतर मागच्या खोलीत थांबणार आहे.