धाग्याचें अंतरंग

इचलकरंजी म्हटलें कीं यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या आश्रयानें विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ सालीं या गांवीं पहिला यंत्रमाग चालविला, आणि तेव्हांपासून येथील संसार धाग्यावर उभे राहिले. धागा तुटला कीं माग थांबतो. माग थांबला कीं विणकराची मजुरी बुडते. मग वाद उपस्थित होतो, दोष सुताचा कीं खळीचा? अनुभवी विणकर सूत बोटांत धरून पीळ पाहतो, ओढून बळ अजमावतो. परंतु तें बळ येतें कोठून, हें बोटांस कळत नाहीं.

कापसाचा तंतु केसाहूनहि बारीक. त्याच्या भिंतींत सेल्युलोजच्या असंख्य शलाका मळसूत्राप्रमाणें वळत गेलेल्या असतात. एका शलाकेची जाडी अवघी कांहीं नॅनोमीटर. आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग! दृश्य प्रकाशाची लहर ४०० नॅनोमीटरहून लांब असल्यामुळें साध्या सूक्ष्मदर्शकास ही रचना दिसणें शक्य नाहीं.

येथें राँटजेननें १८९५ सालीं शोधलेले क्ष-किरण कामास येतात. किरणांचा बारीक झोत तंतूंच्या जुडीवर सोडला असतां जेथें जेथें घनता बदलते, तेथें तेथें थोडे किरण मार्ग सोडून वळतात. मर्म असें कीं, रचना जितकी मोठी तितका हा वांक लहान. तांब्याच्या नळींतून निघणाऱ्या किरणांची लहर ०.१५४ नॅनोमीटर असते. १० नॅनोमीटर अंतरानें रचलेल्या वस्तु त्यांना एका अंशाहूनहि कमी वळवितात. म्हणून पडदा दूर ठेवतात व मधला प्रखर झोत अडवितात. एरवीं भर दुपारीं तारे शोधण्यासारखें होईल. शलाका एका दिशेस असल्यास पडद्यावरील डाग त्यांना काटकोनांत लांबतो. विस्कळित असल्यास त्याचें वर्तुळाकार कडें बनतें.

असें किरण-विकिरण बारीक कार्बनच्या भुकटींत १९३० सालींच कृष्णमूर्ति या भारतीय संशोधकास आढळलें होतें. पुढें त्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सच्या आंद्रे गिनिए यानें त्यावरून कणांचें आकारमान काढण्याची रीत बसविली. आज इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रांत इंडस-२ यंत्राच्या झोतावर अशी परीक्षा करितां येते.

मात्र या साधनाची मर्यादाहि जाणली पाहिजे. पडद्यावर उमटतें तें एका शलाकेचें चित्र नव्हे, तर कोट्यवधि शलाकांची सरासरी. निरनिराळ्या रचनांपासून सारखेंच चित्र मिळूं शकतें. म्हणून इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाची साक्ष जोडून घ्यावी लागते. शिवाय खळ कमी पडली वा हवा कोरडी झाली तर उत्तम तंतूचें सूतहि तुटतें. तेव्हां मागावरील वादाचा पुरा निवाडा हे किरण करीत नाहींत. तंतूपुरती साक्ष देतात. पण जेथें तर्कावर तर्क चालत होते तेथें एक निःपक्षपाती साक्षीदार लाभला, हें कांहीं थोडें नव्हे. उरलेला न्याय विणकराच्या जाणत्या बोटांनींच करावयाचा आहे.