पगाराची तारीख



काल याच व्यासपीठावरून आपण ज्ञानेश्वरीवरील व्याख्यान ऐकलेत आणि आज माझ्यावर पगाराविषयी बोलण्याची पाळी आली आहे. मी विषय कळवला तेव्हा चिटणीस हसून म्हणाले, "यात तासभर बोलण्यासारखे काय आहे? पगार लांबला तर माणसाने थांबावे, दुसरे काय!" त्यांचे पेन्शन वेळेवर जमा होते, तेव्हा मी त्यांना दोष देत नाही. पण थांबणे फुकट नसते, आणि त्याचे पैसे कोण भरतो, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

मुंबईत १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. त्यांतून निघालेल्या मागणीपत्रावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या त्यातील मागण्या आपल्याला ठाऊक असतात. त्याच यादीत आणखी एक कलम होते : महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. मागणेच जर पंधरा तारखेचे, तर मिळत केव्हा असेल याची कल्पना करावी.

आता हिशेब करू. जानेवारीच्या पहिल्या दिवशी केलेल्या कामाचे पैसे फेब्रुवारीच्या पंधराला हातात पडले, म्हणजे मधले पंचेचाळीस दिवस कामगाराने मालकाला बिनव्याजी कर्ज दिले. त्या पंचेचाळीस दिवसांत त्याला जेवू कोण घालीत होते? खानावळवाली, वाणी आणि सावकार. १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाने आपल्या अहवालात सावकारी व्याजाचा नेहमीचा दर नोंदवला आहे : रुपयाला महिना एक आणा. वर्षाला पाऊणशे टक्के! मालकाला शून्य टक्क्याने द्यावयाचे आणि ते देता यावे म्हणून स्वतः पंचाहत्तर टक्क्यांनी घ्यावयाचे, असा हा व्यवहार. गरीब माणूस उधळ्या असतो म्हणून कर्जात बुडतो, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

त्यानंतर १९३६ साली वेतन देण्याविषयीचा कायदा झाला. हजारांहून कमी माणसे असलेल्या आस्थापनेत सात तारखेच्या आत, मोठ्या आस्थापनेत दहाच्या आत पगार झाला पाहिजे, असे त्याने ठरवले. लोखंड्यांच्या पंधरा तारखेला सात व्हायला बावन्न वर्षे लागली. मात्र तो कायदा ठरावीक पगाराच्या वर लागू नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी २०१९ ची वेतन संहिता आली आहे. तिने पगाराची ती मर्यादा काढून टाकली आणि मासिक पगाराला सर्वत्र सात तारीख घातली. रोजंदारीचे पैसे त्याच दिवशी पाळी संपताना, आणि नोकरी सुटली वा सोडली तर सारे वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावयाचे आहे. सरकारी आस्थापनांना मात्र ही तारीख आपोआप लागू नाही, सरकारने तसे वेगळे जाहीर करावे लागते. इतरांना शिस्त लावताना सरकारने स्वतःपुरती पळवाट ठेवली आहे, हे मला पटत नाही.

असो. कायदा आहे, मग माणसे अडतात कोठे? मी कोठे अडलो ते सांगतो.

१९७९ च्या सुमारास मी एका छापखान्यात होतो. आम्ही अकरा जण. मालक सज्जन गृहस्थ, आमच्या घरच्या दुखण्याखुपण्याची चौकशी करणारे. पगार आधी सातचा बारावर गेला, मग वीसवर, आणि पुढे पन्नास-पन्नास रुपयांची उचल एवढेच शिल्लक उरले. पण पगारपत्रकावर रेव्हेन्यू स्टँप लावून सह्या मात्र दर महिन्याच्या सातला होत. "वह्या नीट दिसल्या पाहिजेत, पैसे काय, दोन दिवसांत देतोच," असे मालक म्हणत. आम्ही सही करीत असू. एवढ्या भल्या माणसापुढे हात आखडता घ्यायची लाज वाटे. आमच्यातले वयस्कर जुळारी, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, तेवढे सहीखाली बारीक अक्षरात लिहीत : "रक्कम मिळावयाची आहे", आणि पुढे तारीख. घरी एका वहीत ते प्रत्येक उचलही टिपून ठेवीत. आम्ही त्यांची थट्टा करीत असू.

छापखाना विकला गेला तेव्हा वह्यांप्रमाणे आम्हा दहा जणांचा पगार पूर्ण चुकता झालेला होता. आमच्याच सह्या आमच्याविरुद्ध साक्षीला उभ्या. नानांचे पैसे त्यांना मिळाले. माझे अडीच महिन्यांचे बुडाले. त्या दिवाळीत बायकोची पाटली सोनाराकडे गेली ती परत आली नाही.

म्हणून पैसे हाती पडण्याआधी सही करू नका. करावीच लागली, तर नानांसारखी करा. नेमणूकपत्र, पगारचिठ्ठी, बँकेचे पासबुक, हजेरीची नोंद, सारे घरी ठेवा, कचेरीच्या खणात नव्हे. आठ तारीख उजाडली की दोन ओळींचे सभ्य पत्र द्यावे, अमुक महिन्याचे अमुक रुपये येणे आहेत, आणि त्याची पोच घ्यावी. पत्र एकट्याने देण्यापेक्षा दहाजणांनी मिळून दिले तर एकावर रोष येत नाही. रागाच्या भरात काम टाकून बाहेर पडण्याआधी मात्र थोडे थांबा. दहा किंवा अधिक माणसे सबळ कारणावाचून, संगनमताने आणि करारात ठरलेली नोटीस न देता गैरहजर राहिली, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची मुभा कायद्यात १९३६ पासून आहे आणि संहितेतही ती राहिली आहे. कारण सबळ होते की नाही, यावर वाद घालण्यात मग वर्ष जाते.

पत्राने काम झाले नाही तर नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. त्याचा पत्ता कामगार आयुक्तांच्या कचेरीत मिळेल. अर्ज स्वतः करता येतो, संघटनेमार्फत करता येतो किंवा निरीक्षकही करू शकतो. मुदत तीन वर्षांची आहे. मूळ रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. कंत्राटदाराने हात वर केले तर ज्याच्या आस्थापनेत तुम्ही राबता, त्याच्यावर ती देणी येतात.

तीन वर्षे आहेत म्हणून स्वस्थ बसू नये. पगार लांबणे ही पुष्कळदा धंदा खचत असल्याची पहिली खूण असते. विजेचे बिल थकले तर वीज तुटते आणि बँकेचा हप्ता थकला तर नोटीस येते. नोकर तेवढा निमूट उद्या पुन्हा कामावर येतो, म्हणून त्याचेच पैसे आधी थांबतात. कंपनी २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली विकली जाऊ लागली, तर कामगारांचे चोवीस महिन्यांचे येणे तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने मोजले जाते. इतर नोकरांचे बारा महिन्यांचे येणे त्यांच्या मागे येते. रांगेत जागा आहे, पण कागद हाती असेल त्यालाच.

अध्यक्षांनी वेळ संपल्याची चिठ्ठी पाठवली आहे. मी सभागृहाच्या मागच्या बाकावर बसणार आहे. ज्यांचा गेल्या महिन्याचा पगार अजून झालेला नसेल, त्यांनी पगारचिठ्ठी घेऊन यावे. अर्जाचा मसुदा आपण तेथेच करू. कोरे कागद मी आणले आहेत.