कापडाविना वस्त्र



वस्त्र म्हटले की सूत, रेशीम, लोकर आणि ती जोडणारी सुई, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. १९६६ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये पाको राबान या तरुणाने बारा पोशाख मांडले आणि त्यांना नाव दिले, ‘समकालीन साहित्याचे, अंगावर घालता न येणारे बारा पोशाख’. करणाऱ्यानेच आपल्या मालाला असे नाव द्यावे, हे नवलच! परंतु आम्हांला त्या नवलापेक्षा त्यातली कारागिरी अधिक बोलकी वाटते.

राबानची आई बालेन्सियागाच्या शिवणघरात कामाला होती. तो स्वतः वास्तुशास्त्र शिकला आणि मोठमोठ्या वस्त्रपेढ्यांना गुंड्या व दागिने करून देऊ लागला. सुई आणि इमारत, दोन्हींचा संस्कार त्याला झालेला होता.

आता पाहा. कापड अंगावर सुरेख पडते, कारण त्यातले धागे एकमेकांवरून किंचित सरकतात. ऱ्होडॉइड नावाच्या प्लास्टिकच्या ताठ चकतीला ती सवलत नाही. मग लवचिकपणा आणायचा कोठून? सांध्यांतून! राबानने चकत्यांना भोके पाडली, त्यांत धातूच्या कड्या ओवल्या आणि पकडीने त्या मिटवल्या. चकती जितकी लहान, तितके सांधे अधिक आणि पोशाखाची पडण मऊ. परंतु तितकेच श्रमही वाढतात. हा हिशेब चिलखते करणाऱ्या कारागिरांना शेकडो वर्षांपूर्वी ठाऊक होता. मात्र चिलखत घाव अडवण्यासाठी असे. येथे चकत्यांच्या फटींतून अंग उलट उघडेच पडत होते. आणखी एक गंमत. ऱ्होडॉइड ज्या सेल्युलोजपासून होते, ते कापसातही असते. म्हणजे कापडाचा वैरी म्हणून ज्याला उभे केले, तो त्याचा चुलतभाऊच निघाला!

ही वस्त्रे घालून बसायचे कसे, हा प्रश्न टाळ्या वाजवणाऱ्याला पडत नाही, घालणारीला पडतो. या प्रयोगांची खरी परीक्षा आमच्या मते खुर्चीवरच होते. कापडी झग्यावर काहीबाही चिकटवून लोकांना चकित करणारे पुढे पुष्कळ निघाले. त्यांना आम्ही राबानच्या पंक्तीला बसवणार नाही, कारण तेथे सगळा भार बिचारे कापडच वाहत असते.

त्या पंक्तीचा मान आम्ही देऊ तो बेल्जियमच्या मार्टिन मार्जिएलाला. १९८९ मध्ये त्याने चिनी मातीच्या फुटक्या बशांचे तुकडे तारेने जोडून एक बंडी केली. राबानच्या चकत्या एका मापाच्या, त्यामुळे एक सांधा साधला की बाकीचे तसेच. येथे प्रत्येक तुकड्याचा आकार निराळा, म्हणून भोक कोठे पाडावे आणि तार किती सैल सोडावी, याचा विचार दर वेळी नव्याने करावा लागणार. शिवाय खाली माणसाची कातडी! घरात फुटकी बशी आपण उकिरड्यावर टाकतो. या बंडीत ती फुटली म्हणूनच अंगाच्या गोलाईवर बसू शकली. सबंध बशी तेथे बसली नसती.